गिंडीतली शिकार

टेक्सासातला मेहुणा लेकाला हरणाच्या शिकारीला नेतो. पोराचा नेम म्हणे दरवर्षी सुधारतोय. आम्ही चेन्नईकरांनी मागे का राहावं? मीही आमच्या चिरंजीवांना गिंडीला नेतो. एके काळी साहेबांची ही राखीव शिकारीची जागा, आता जेमतेम २.७ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान. एका अंगाला राज्यपाल, दुसऱ्या अंगाला आयआयटी. शस्त्र एकच, आईचा जुना मोबाइल.

पहिल्या वर्षी हाती लागलं फक्त शेपूट. दुसऱ्या वर्षी एक कान, तोही बहुधा कुत्र्याचा. तिसऱ्या वर्षी पोरगा गप्प उभं राहायला शिकला. (ही विद्या बापाला अजून आलेली नाही, असं घरात बोललं जातं.) यंदा मी ओरडलो, "ते बघ काळवीट!"

"बाबा, चितळ आहे ते. काळविटाच्या शिंगांना पीळ असतो, फांद्या नसतात. आणि ओरडलात ना, गेलं बघा!"

बंदुकीशिवाय कसली शिकार, असं मेहुण्याचं म्हणणं. त्याला कळवलंय, सुट्टीत अवश्य ये, बंदूक तेवढी तिकडेच ठेव. १९७२च्या कायद्यानं इथं काळवीट मारणाऱ्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे.