त्रेचाळीस वाचनप्रिय सासूबाई

महाराष्ट्रातल्या ४३ सासूबाईंना वाचनाची आवड आहे आणि त्या सगळ्यांना माझंच पुस्तक हवं आहे, हे मला एका मंगळवारी रात्री साडेअकराला कळलं. तो आनंद बारा वाजून दहा मिनिटांपर्यंत टिकला. साहित्याने मला एवढा सलग आनंद त्याआधी कधी दिला नव्हता.

गिव्हअवेची कल्पना बायकोची. तिचा हेतू वाङ्मयीन नव्हता. स्वखर्चाने छापलेल्या ५०० प्रतींपैकी ३१२ प्रती आमच्या दिवाणात होत्या आणि तिथे तिला गाद्या ठेवायच्या होत्या. "पाच वाटून तर बघ," ती म्हणाली, "निदान एक उशी मावेल." मी मात्र घोषणेची सुरुवातच 'वाचकांच्या आग्रहाखातर' अशी केली. आग्रह करणारी वाचक एकच होती, आणि तिला उशी ठेवायची होती.

नियम नेहमीचेच. पेज फॉलो करा, तीन मित्रांना टॅग करा, स्टोरीला टाका. त्यात मी माझी म्हणून एक भर घातली: 'हे पुस्तक तुम्हाला का वाचायचं आहे, ते एका वाक्यात लिहा.' याने हवशे-नवशे-गवशे गळतील आणि चाळणीवर निव्वळ रसिक उरतील, असा हिशेब.

पहिलं वाक्य आलं, 'माझ्या सासूबाईंना वाचणाची खूप आवड आहे.' वा! मग दुसरं आलं. त्याही सासूबाईंना आवड होती. विसाव्या सासूबाईंना मी बायकोला हाक मारून सांगितलं, "अगं, लोक उगाच बोलतात. महाराष्ट्रात सासवासुनांचं छान चाललंय."

तिने फोन हातात घेतला, चष्मा लावला आणि शांतपणे विचारलं, "सगळ्यांना 'वाचणाची'च आवड कशी?"

पहिल्याने घाईत 'न'चा 'ण' केला होता. तो 'ण' त्याच्यापुढच्या ४२ जणांनी जसाच्या तसा उचलला होता. त्यांच्यात एक लंगोटांचं दुकान होतं. एकाच्या फोटोच्या जागी हनुमान होता, म्हणजे सासूचा प्रश्नच मिटला. आणि एकाच्या नावापुढे २००९ हे जन्मसाल होतं. त्याच्या होऊ घातलेल्या सासूबाई अजून कॉलेजच्या आठवणींतून बाहेर आल्या नसतील.

मग मी एकेक खातं उघडून बघायला लागलो. स्वतःचा फोटो एकाचाही नाही. चार-पाच हजार जणांना फॉलो करतात, त्यांना कुत्रं विचारत नाही. भिंतीवर फक्त दुसऱ्यांचे गिव्हअवे. कुकर, दाढीचं तेल, डायपर, आणि त्यांच्या रांगेत मी. मराठी विनोदाच्या परंपरेत आपलं स्थान कुठे, असा प्रश्न मला अधूनमधून पडतो. कुकर आणि डायपर यांच्या मधोमध, हे त्या रात्री समजलं.

त्यातल्या एका गृहस्थांची १४ खाती होती. नाव तेच, पुढचा आकडा वेगळा. 'तो मी नव्हेच' नाटकात प्रभाकर पणशीकर पाच रूपांत यायचे, तेही फिरता रंगमंच हाताशी असताना. हे महाशय चौदा भूमिका एकटे, बहुधा गादीवर लोळत वठवत होते. खरं सांगायचं तर रागाच्या आधी मला गहिवरून आलं. माझ्या एका पुस्तकासाठी एक माणूस चौदा रूपं घेतो! विष्णूचंही दहांत भागलं होतं. मी त्यांना निरोप पाठवला, "आपण जिंकलात तर पुस्तक कुठे पाठवू?"

"सर बक्षीस काय आहे?"

"पुस्तक."

"पुस्तकासोबत काय?"

"माझी सही."

बराच वेळ ते टाइप करत राहिले. माझ्या काळजाचे ठोके चुकत होते. शेवटी उत्तर आलं, "सर, मिक्सर वगैरे काढाल तेव्हा सांगा."

मी भडकलो. समाज, नीतिमत्ता, तरुण पिढी असं बोलत घरभर फिरलो. बायको दिवाणावर बसून ऐकत होती. म्हणाली, "एवढं नको बोलूस. कपिला आठवते ना?"

कपिला ही आमची गाय. आता आप्पांबद्दल, म्हणजे माझ्या वडिलांबद्दल, सांगणं भाग आहे, आणि आप्पांबद्दल मला थोडक्यात सांगता येत नाही.

नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर 'सुरभि' लागायचं. सिद्धार्थ काक आणि आपल्या रेणुका शहाणे. त्या हसायच्या तेव्हा आमची आजीसुद्धा टीव्हीकडे बघून हसून घ्यायची, समोरून कुणी हसलं तर आपण हसावं म्हणून. कार्यक्रमात प्रश्न विचारत आणि उत्तर पोस्टकार्डावर पाठवायचं असे. एका आठवड्यात चौदा लाखांवर पत्रं गेल्याची नोंद आहे. त्यांतली ११ आमची असणार.

घरात माणसं पाच. आप्पा पंचायत समितीत कारकून, त्यामुळे यादी वाढवायचा हात बसलेला. नागपूरला सासरी गेलेली आत्या, परसातल्या खोलीतले भाडेकरू नवराबायको, आजीची न झालेली एक मानसकन्या, १९८४ साली वारलेले आजोबा आणि कपिला. एकूण ११. एका हाताची अकरा कार्डं ओळखू येतील म्हणून आप्पांनी अक्षरांची वाटणी केली होती. स्वतःचं आणि भाडेकरूंचं उजव्या हाताने. आत्याचं आईने लिहायचं. कपिलेचं माझ्याकडे, कारण माझं अक्षर बघून ते गायीचं वाटायला हरकत नव्हती. एकदा आप्पांनी हंपीच्या ऐवजी बदामी लिहिलं आणि त्या आठवड्यात आम्ही ११ जण, हयात आणि दिवंगत, एकदम अडाणी ठरलो.

शेवटी पोस्टखातंच टेकीला आलं. साधं कार्ड १५ पैशांना होतं. त्यांनी स्पर्धेसाठी वेगळं कार्ड काढलं, किंमत दोन रुपये. १ रुपया ६५ पैशांचा आमचा आठवडा २२ रुपयांवर गेला आणि आप्पांनी कपात सुरू केली. आधी भाडेकरू गेले, मग मानसकन्या, मग आत्या. कपिलेला काढलं तेव्हा मी रडलो. आजोबा मात्र शेवटपर्यंत राहिले. त्यांचं कार्ड आप्पा डाव्या हाताने लिहायचे, कारण आजोबांचा हात अखेरच्या वर्षांत थरथरायचा. आधी ते नाव घालत, खाली आमच्या घराचा पत्ता. गेलेल्या माणसाचं नाव आणि त्याखाली चालू पत्ता. आप्पांना बक्षीस हवं होतं की दर रविवारी तेवढं लिहायला मिळणं हवं होतं, हे मी त्यांना विचारलं नाही. आता आप्पांनाही पत्ता नाही.

तर मी खोट्या प्रवेशिकांच्या घराण्यातला आहे, आणि तिसरी पिढी असल्याने मला त्यावरचा इलाजही ठाऊक होता: किंमत लावा. प्रत्येक प्रवेशिकेला दोन रुपये ठेवले की चौदाचा एक होतो. माझा मेहुणा वकील आहे. तो म्हणाला, "दाजी, पैसे घेतले, निकाल नशिबावर सोडला आणि बक्षीस दिलं की झाली लॉटरी. खासगी लॉटरी हा गुन्हा. ते काम सरकारचं, महाराष्ट्रात १९६९ पासून चालू आहे." शब्दकोड्यांच्या स्पर्धांचं पेव फुटलं होतं तेव्हाही केंद्राने १९५५ मध्ये कायदा करून महिन्याला हजार रुपयांच्या वर बक्षीस नको आणि दोन हजारांच्या वर प्रवेशिका नकोत असं ठरवलं, हेही त्याने सांगितलं. मी मनात हिशेब केला. पाच प्रती, किंमत १८०, म्हणजे ९००. माझं समग्र औदार्य १९५५ च्या मर्यादेत बसून वर शंभर रुपये उरत होते.

मग सरळ चिठ्ठ्या केल्या. शेजारच्या ओमने कुकरच्या डब्यातून पाच काढल्या. तिघांचे पत्ते आले ते 'फ्लॅट ४', 'फ्लॅट चार' आणि 'फ्लॅट नं. फोर', सोसायटी एकच. त्यांना बाद केलं. इथवर सगळा तमाशाच होता.

दुसऱ्या दिवशी कराडहून एका निवृत्त शिक्षिकांचा फोन आला. "लेखकमहाशय, १४९ रुपये पोचले का? पुस्तक कधी धाडताय?"

कुणीतरी माझा फोटो, माझी घोषणा, माझं नाव उचलून, नावापुढे फक्त एक आडवी रेघ वाढवून दुसरं खातं उघडलं होतं. तिथून प्रत्येक स्पर्धकाला अभिनंदनाचा निरोप गेला होता: तुम्ही जिंकलात, कुरिअरचे १४९ भरा. अत्र्यांच्या नाटकात 'तो मी नव्हेच' हे लखोबा लोखंडे या लबाडाचं वाक्य आहे. इथे ते म्हणायची पाळी माझ्यावर आली, आणि ते म्हणताना मीच लखोबासारखा वाटत होतो.

"पण बाई, तुम्हाला शंका नाही आली?"

"कशी येणार? मराठी लेखक म्हटल्यावर पैसे मागणारच."

पैसे भरल्यावर त्यांना दुसरा निरोप आला होता. १,९९९ रुपये अनामत भरा, परत मिळतील. तिथे बाई थांबल्या. १८० रुपयांच्या पुस्तकाला दोन हजारांची अनामत हे त्यांच्या अंकगणितात बसेना. मी सायबर गुन्ह्यांचा १९३० हा नंबर दिला. त्या म्हणाल्या, "राहू द्या हो. १४९ रुपयांसाठी पोलिसांकडे गेले तर मुलगा म्हणेल, आई, तू कशाला त्या फोनच्या नादी लागतेस. फोनच काढून घेईल."

तेव्हा मात्र माझं हसणं थांबलं. चौदा खाती काढणाऱ्याने माझा पोपट केला, त्यात फारसं बिघडलं नाही. या दुसऱ्याला माणसं वाचता येत होती. तक्रार करायला लाज वाटेल, घरात सांगायला भीती वाटेल, नेमकी तेवढीच रक्कम त्याने ठरवली होती. आणि ती मागायला त्याने माझं तोंड वापरलं होतं. ते खोटं खातं बंद करा म्हणून मी सात वेळा तक्रार केली. सातही वेळा एकच उत्तर आलं, इतकं एकसारखं की उत्तर देणाऱ्यांनाही 'वाचणाची' आवड असावी.

मी बाईंची प्रवेशिका शोधली. त्यांच्या वाक्यात सासूबाई नव्हत्या. लिहिलं होतं, 'मुखपृष्ठ बरं आहे; आत काय आहे ते पाहायचं आहे.' शेकडो प्रवेशिकांत माझ्या पुस्तकाबद्दल असलेलं हे एकच वाक्य. मी एक प्रत आणि सोबत पाकिटात १४९ रुपये घालून पाठवले.

पंधरा दिवसांनी प्रत परत आली. पाकीट आत तसंच होतं. पानापानावर लाल शाई होती, आणि शेवटच्या पानावर बेरीज: 'शुद्धलेखनाच्या चुका ४१. विनोद बरे. १७ व्या पानावर तुम्हीही न-ण ची गल्लत केली आहे.' माझं पुस्तक शेवटपर्यंत वाचल्याचा हा आजवरचा एकमेव लेखी पुरावा.

तेव्हा वाचकहो, दिवाणात अजून ३०० च्या आसपास प्रती आहेत. किंमत १८०, कुरिअर माझ्याकडून. बक्षीस लागलंय, कुरिअरचे भरा, असं कुणी म्हणालं तर भरू नका. पैसे येणार आहेत, पिन टाका म्हणालं तर टाकू नका. पैसे यायला पिन लागत नाही. आणि पैसे गेलेच असतील, तर रक्कम लहान म्हणून गप्प बसू नका, १९३० ला फोन करा. घरात आईने असं काही सांगितलं, तर तिचा फोन काढून घेऊ नका.