जाड लॅमिनेट सॉलिडमध्ये कसं करावं: नवशिक्यांसाठी

ज्यांना शेल एलिमेंट वापरायची लाज वाटते अशा होतकरूंसाठी हे मार्गदर्शन आहे. शेल म्हणजे नुसता पृष्ठभाग. जाडी एका चौकटीत आकडा म्हणून भरायची, स्क्रीनवर ती दिसतसुद्धा नाही. सॉलिड कसं भरीव दिसतं! तेव्हा पार्ट 40 मिलिमीटर जाड आहे एवढं कळलं की मागचापुढचा विचार न करता सॉलिडकडे वळा.

वळायला कारणही भक्कम आहे, ते मीटिंगमध्ये जरूर ऐकवा. पोलादात ई आणि जी यांचं गुणोत्तर साधारण 2.6. कार्बन-इपॉक्सीत तंतूंच्या दिशेचा ई 140 गिगापास्कलच्या घरात आणि शिअरचा जी जेमतेम 5, म्हणजे 28 पट. त्यामुळे पोलादात जी पट्टी 'पातळ' म्हणून खपून जाते, तीच इथे शिअरमुळे चांगलीच जास्त वाकते. पगॅनो यांनी 1969 मध्ये याचं अचूक गणित मांडलं: लांबी जाडीच्या चौपटच असेल तर लॅमिनेट क्लासिकल लॅमिनेट सिद्धांताच्या अंदाजापेक्षा कित्येक पट वाकतं. पगॅनोंचं नाव घेतलं की समोरचे गप्प बसतात. शिअर धरणारं साधं शेलही यातलं बरंचसं सावरून घेतं, हे मात्र आपण होऊन सांगू नका.

आता मेश. प्लाय 0.125 मिलिमीटरचा, म्हणजे 40 मिलिमीटरमध्ये 320 प्लाय. आपण प्रामाणिक माणसं, दर प्लायला एक एलिमेंट देणारच. एलिमेंट फार चपटं नको म्हणून लांबी-रुंदी जाडीच्या दहापट, 1.25 मिलिमीटर. एक मीटर लांब, एक मीटर रुंद प्लेटसाठी 800 गुणिले 800 गुणिले 320, झाले 20 कोटी 48 लाख एलिमेंट. रन टाका. मेमरी संपल्याचं सॉल्व्हर लगेच कळवेल. ते त्याचं सौजन्य समजा.

मग तुम्ही दुसऱ्या टोकाला जाल. सगळेच जातात. जाडीत एकच एलिमेंट आणि त्याच्या पोटात सगळे 320 प्लाय. सॉफ्टवेअर हे करू देतं. अ‍ॅबॅकसच्या मॅन्युअलमध्ये मात्र स्पष्ट म्हटलंय की असे थरवाले सॉलिड मुख्यतः सोयीसाठी आहेत, कंपोझिट शेलपेक्षा अचूक उत्तर ते सहसा देत नाहीत. कारण साधं आहे. आठ नोडच्या एलिमेंटमध्ये विस्थापन जाडीभर सरळ रेषेतच बदलतं. थर बदलला की शिअर स्ट्रेन बदलायला हवा, तो बदलत नाही. उलट शिअर स्ट्रेस थराथरावर उडी मारतो आणि मोकळ्या पृष्ठभागावर, जिथे तो शून्य असायला हवा, तिथेही ठाण मांडून बसतो. म्हणजे ज्या एका आकड्यासाठी शेल सोडलं, तोच आकडा खोटा.

स्टॅकची दिशा. ती एलिमेंटच्या नोडांच्या क्रमावरून ठरते. मेशरने क्रम आपल्या मर्जीने लावला असेल तर प्लाय आडवे न राहता कपाटातल्या पुस्तकांसारखे उभे राहतात. एरर येत नाही. उत्तर येतं, रंगीत येतं. ऑटोमॅटिक टेट मेश केलीत तर प्रश्नच मिटला, टेटला जाडीची दिशा नसतेच.

मटेरियलला नऊ आकडे लागतात आणि डेटाशीटवर बहुधा चारच असतात. उरलेले पाच अंदाजाने भरायची चाल आहे, पण जी23 म्हणून जी12 ढकलू नका. ई2 10 आणि न्यू23 0.4 धरला तर तो 3.6 च्या आसपास येतो, 5 नव्हे. अ‍ॅन्सिसमध्ये आणखी एक गंमत: पॉयसन गुणोत्तरासाठी पीआरएक्सवाय आणि एनयूएक्सवाय ही दोन वेगळी घरं आहेत. 0.3 दुसऱ्यात टाकलंत की प्रोग्राम असं मटेरियल अशक्य आहे म्हणून अडून बसतो, कारण तिथे 0.02 च्या आसपासचा आकडा हवा असतो. अडला तर त्याचे आभार माना.

निकाल बघताना साहेब विचारतील, "व्हॉन मायसेस मॅक्स किती?" कंपोझिटमध्ये त्याला अर्थ नाही, पण एकदम तोंडावर म्हणू नका. शिवाय मोकळ्या कडेवर, दोन प्लायच्या सांध्यात, मेश जितकी बारीक कराल तितका स्ट्रेस चढत जातो. 1970 पासून, पाइप्स आणि पगॅनोंच्या कामापासून, हे माहीत आहे. याचा फायदा असा की डेडलाइन जवळ आली की पास होईल अशी मेश निवडता येते. असं करणारे आहेत, आणि त्यांचे रिपोर्ट फार नीटनेटके असतात.

हे सगळं टाळायचंच असेल तर पूर्ण पार्ट शेलमध्ये करा आणि एलच्या आकाराचा वाकलेला कोपरा तेवढा कापून सॉलिडमध्ये घ्या. कोपरा उलगडायला लागला की थर एकमेकांपासून ओढले जातात. जाडीच्या दिशेचा हा ताण शेल शून्यच धरतं. जाडीच्या मध्याजवळ प्लायला एक एलिमेंट, बाकीच्या प्लायचे गठ्ठे. रन टाकण्याआधी कागद घ्या आणि हा ताण काढा: मोमेंटची तिप्पट, भागिले रुंदी, जाडी आणि आतल्या-बाहेरच्या त्रिज्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ यांच्या गुणाकाराची दुप्पट. मॉडेल याच्या आसपास आलं तर चहाला जा. दुप्पट-तिप्पट आलं तर आधी स्टॅकची दिशा बघा.