शुद्ध मध्यम

चेन्नईत एकोणीस वर्षं काढलेल्या मराठी बाईजवळ मिरवायला फारसं काही उरत नाही. वरणभाताचा विषय काढावा, तर समोरचा सांबारावरून रसमवर आणि रसमवरून मोरकुळंबूवर जातो. लोणच्याचा काढावा, तर बरणी उघडून वडुमांगायच दाखवतो. मग उरतो तो सह्याद्री. तो त्यांच्याकडे नाही, आणि बरणीत घालून आणताही येत नाही.

नंगनल्लूरच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवरून सेंट थॉमस माउंट दिसतो. तमिळमध्ये परंगीमलै, म्हणजे फिरंग्यांचा डोंगर. उंची जेमतेम 300 फूट. एका सकाळी वरच्या मजल्यावरच्या मामी वडाम वाळत घालत होत्या, मामा कावळ्यांसाठी काठी घेऊन बसले होते, आणि मी त्या डोंगराकडे बोट दाखवून म्हटलं, "मामा, याला आमच्याकडे टेंगूळ म्हणतात."

मामा एकाहत्तर वर्षांचे. नोकरी सगळी सरकारी भूशास्त्र खात्यात गेलेली. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमचा डोंगर किती वर्षांचा?"

हे मला पाठ होतं. लाव्हा कसा उसळला, थरावर थर कसे बसले, सगळं सांगून मी ऐटीत म्हटलं, "साडेसहा कोटी!"

मामांनी एक कावळा हाकलला. "म्हणजे अजून लहान आहे."

परंगीमलैचा दगड अडीचशे कोटी वर्षांचा निघाला. वर त्याचं नाव चार्नोकाइट. कलकत्त्यात जॉब चार्नोक नावाचा इंग्रज वारला, त्याच्या थडग्यावर याच जातीचा काळा दगड बसवलेला. थॉमस हॉलंड या भूवैज्ञानिकाने 1893 साली तो तपासला आणि दगडाला मयताचं नाव दिलं. आता हे टेंगूळ राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. माझा साडेसहा कोटींचा सह्याद्री त्या गच्चीवर अचानक शाळेत जायच्या वयाचा दिसायला लागला.

अशा वेळी माणसाने गप्प बसावं. मी म्हटलं, "वयाचं सोडा, चढून दाखवा. पोंगल झाला की भीमाशंकरला चला. खांडसवरून गणेश घाटाने. कठीण नाही, मध्यम आहे."

मामांनी पहिल्यांदाच काठी खाली ठेवली. "कोणता मध्यम? शुद्ध मध्यम की प्रती मध्यम?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण कर्नाटक संगीतातल्या माणसाला 'मध्यम' शब्द ऐकून आधी चढण आठवत नाही, स्वर आठवतो. 72 मेळकर्ते राग. पहिल्या 36 मध्ये शुद्ध मध्यम, 37 पासून प्रती मध्यम, म्हणजे आपला तीव्र. "बाकीचे स्वर तेच राहतात हो," मामा म्हणाले, "नुसता मध्यम चढतो आणि सगळं बदलतं." मी बेधडक सांगितलं, शुद्ध.

आता ट्रेकवाल्यांच्या मराठीतला 'मध्यम' काय असतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. 'सोपा' म्हणजे सांगणाऱ्याने कॉलेजात असताना केलेला. 'कठीण' म्हणजे दोर लागणारा. या दोहोंच्या मध्ये जे काही रडणं, घसरणं, पाणी संपणं आणि "मी इथेच थांबते, येताना मला घ्या" असतं, त्या सगळ्याचं एकत्र नाव मध्यम. शिवाय वाटेत भेटणाऱ्या गावकऱ्याचं "हे काय, विडी ओढेस्तोवर पोचाल" हे वेगळंच. ती विडी केवढी असते ते मी अजून पाहिलेलं नाही.

तयारी परंगीमलैवरच करायची ठरली. सकाळी सहाला. चेन्नईत सहा वाजता ऊन नसतं, पण हवा आदल्या दिवशीची असते. कोणीतरी वापरून परत केलेली. पायऱ्या दीडशेच्या आतबाहेर, एका आर्मेनियन व्यापाऱ्याने 1726 च्या सुमारास बांधून दिलेल्या. वाटेत ख्रिस्ताच्या क्रुसाच्या वाटेचे चौदा टप्पे आहेत. तिसऱ्या टप्प्यावर तो पहिल्यांदा कोसळतो. मीही तिथेच बसले. भक्तीने बसले असं वाटून एका आजींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग चेहरा पाहून पाण्याची बाटली पुढे केली. मामा वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडून, पायात साध्या चपला, वरून हाक मारत होते, "पोलामा?" म्हणजे, निघू या का?

वर गेल्यावर मामांनी लॅम्बटन या मोजणीदाराची गोष्ट सांगितली. 10 एप्रिल 1802 ला त्याने या भागात साडेसात मैलांची पायारेषा पोलादी साखळीने मोजायला घेतली. हिंदुस्थानाची मोजणी इथून सुरू झाली आणि ती वाढत वाढत पुढे एव्हरेस्टच्या उंचीपर्यंत गेली. मला त्या थोर कामापेक्षा तारखेचंच आश्चर्य वाटलं. चेन्नईत, एप्रिलमध्ये, साखळी घेऊन! मी एप्रिलमध्ये दूध आणायलाही खाली उतरत नाही.

मधे एकदा जिंजीलाही जाऊन आलो. राजाराममहाराजांनी मोगलांना आठेक वर्षं झुंजवलं तो किल्ला. 2025 मध्ये तो आपल्या बाकीच्या अकरा किल्ल्यांसोबत जागतिक वारसा यादीत गेला. तिथल्या राजगिरीवर माझं काय झालं ते इतिहासात नाही, आणि मीही इथे आणत नाही.

जानेवारीच्या शेवटी खांडसला पोचलो. मामींनी चढायला साफ नकार दिला. त्या आणि माझे यजमान पुण्याहून एसटीने वर येणार होते. गावाच्या पुढे वाट फुटते. एक शिडी घाट, लोखंडी शिड्यांचा, सरळ अंगावर येणारा. दुसरा गणेश घाट, लांबचा, वळणावळणाचा. मी मामांना गणेश घाटाकडे वळवलं आणि मग सह्याद्री दाखवायला लागले.

दाखवायला भरपूर होतं. लाव्ह्याचा एकेक थर म्हणजे एकेक कडा, आणि दोन कड्यांच्या मधे जो झाडीचा सपाट पट्टा राहतो त्याला आपल्याकडे पदर म्हणतात. समोर पदरगड उभा होता. मामांनी तो शब्द तीनदा म्हणवून घेतला. आयुष्यभर ते त्याला इंग्रजीत काहीतरी चार शब्दांचं म्हणत आले होते. कातळातल्या एका पोकळीत पांढरे स्फटिक दिसले तेव्हा तर ते उकिडवे बसले, चष्मा कपाळावर सरकवला, बोटाच्या टोकाने कडा चाचपली आणि तान्ह्या बाळाचे दात बघावे तसे बघत राहिले. "लहान आहे," ते पुटपुटले, "पण गुणी आहे." माझ्या सह्याद्रीचं बारसं झालं असं मला वाटलं. मला बसायला मिळालं, हाही त्यात एक आनंद होता.

अर्ध्यावर पठार लागलं. तिथे शिडी घाटाची वाट येऊन मिळते. झोपडीत लिंबूसरबत घेतलं. मी बूट काढून पाय मोकळे सोडले आणि संपलंच जवळजवळ, असं म्हटलं. तेवढ्यात समोर पाहिलं. पठारापलीकडे दाट झाडीतून वाट जी उभी उठली होती, ती ट्रेकच्या पोस्टरवर दिसते तशी नव्हती.

मामांनीही पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "छत्तीस संपले."

पुढच्या दोन तासांबद्दल मी एवढंच सांगेन, की मी शेकरू पाहिलं. महाराष्ट्राचा राज्यप्राणी. एका झाडावरून दुसऱ्यावर त्याने उडी मारली, माझ्याकडे पाहिलं, थांबलं, आणि मी तेवढ्या वेळात एक पाऊलही पुढे गेले नाही हे बघून परत आलं. मामा वरच्या वळणावर कुठलातरी राग गुणगुणत उभे होते. प्रत्येक वळणावर तोच प्रश्न: "पोलामा?"

अखेर झाडी संपली आणि आम्ही देवळाशी बाहेर आलो. सहा तास चढून. आणि तिथे माणसंच माणसं. नऊवारीतल्या आज्या, कडेवरची पोरं, पेढ्यांचे पुडे, फुलांची ताटं. मामा सगळीकडे बघत राहिले. मग मला विचारलं, "इथपर्यंत बस वरुमा?" बस येते का?

येते, मी म्हटलं. त्याच बसने आलेल्या मामी बाकावर बसून डब्यातला दहीभात संपवत होत्या.

दर्शन झालं, मामांनी विभूती लावली, आणि परतीची एसटी पकडली. गाडी खच्चून भरलेली. कंडक्टरने मामांचे पांढरे केस पाहिले आणि खिडकीजवळच्या पोराला उठवलं, "ए, आजोबांना बसू दे." मामांना मराठी कळत नाही, पण हे कळलं. त्यांनी हसून मान हलवली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

मी त्रेपन्न वर्षांची आहे. मी बसले.

मंचरच्या स्टँडवर गाडी चहाला थांबली. सगळे उतरले. मामा दाराशी उभे राहून मागे वळले. "पोलामा?"

मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे."