डॉजचे कुलगोत्र

जुन्या अमेरिकन मोटारीस परक्या मोटारीचा भाग बसवू इच्छिणाऱ्या गृहस्थाने प्रथम घरातील वडीलधाऱ्यांची संमती मागावी, आणि ती मिळणार नाही हे गृहीत धरूनच पुढील तजवीज करावी. आमच्या मामांपाशी पन्नाशीच्या दशकातली डॉज किंग्जवे आहे. तीत जाणारा प्रत्येक स्क्रू अस्सल डॉजचाच असला पाहिजे असे त्यांचे फर्मान असून, गाडी वर्षातला बराच काळ ठोकळ्यांवर उभी असण्याचे कारणही हे फर्मानच होय. प्रस्तुत मार्गदर्शन त्यांच्यासाठी नव्हे. रविवारी त्यांच्या हाताखाली पाने देणाऱ्या भाच्यांसाठी आहे.

पहिला नियम वंशावळीचा. नावावर जाऊ नये. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरकडून सुट्या स्वरूपात आलेल्या गाड्या जोडल्या जात, आणि किंग्जवे ही तर प्लिमथच्या अंगावर डॉजचे मुखमंडल चढवून परदेशी धाडण्यासाठीच काढलेली गाडी. तेव्हा जिच्या कुलशुद्धीसाठी मामा प्लिमथच्या दाराचा विटाळ मानतात, तिचे स्वतःचे चारही दरवाजे जन्मतः प्लिमथचेच आहेत. हे त्यांना सांगण्यापूर्वी त्यांचा चहा होऊ द्यावा.

परंतु सगोत्र म्हणजे सर्वस्वी समान, असे समजू नये. बाजूला व्हॉल्व्ह असलेल्या या सहा सिलिंडरच्या इंजिनात दोन शाखा आहेत: एकीचे हेड सुमारे 23 इंच लांब, ती अमेरिकेतल्या प्लिमथ-डॉजची; दुसरीचे सुमारे 25 इंच, ती डिसोटो-क्रायस्लरची, आणि कॅनडात बनलेल्या प्लिमथ-डॉजचीही. म्हणून हेड गॅस्केट मागण्यापूर्वी गाडीचे नाव क्षणभर विसरून खिशातली टेप काढावी. इंजिनाचा नंबर डाव्या अंगास, डायनॅमोच्या वर, ब्लॉकवर ठोकलेला असतो. त्यावरचे काळे लिंपण रॉकेलच्या फडक्याने पुसून तो कागदावर उतरवून घ्यावा, कारण आर.सी. बुकातला नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर यांची जुन्या गाड्यांत गाठ पडतेच असे नाही.

दुसरा नियम ग्रंथप्रामाण्याचा. अमेरिकेत भंगारवाल्यांच्या उपयोगासाठी हॉलंडर नावाचा अदलाबदलीचा ग्रंथ 1934 पासून निघत आला आहे. कोणत्या सालच्या कोणत्या गाडीचा ॲक्सल कोणास चालतो, याचा दाखला त्यात मिळतो. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवरील दुकानदारापाशी हा ग्रंथ नसतो. तो भाग हातात घेतो, अंगठ्याने कड चाचपतो, ‘फार्गो ट्रक का है’ एवढेच म्हणतो, आणि बहुधा तेच खरे निघते.

तिसरा नियम: मामांना सोबत नेऊ नये. त्यांचा इस्त्रीचा शर्ट पाहून भाव चढतो.

बेअरिंग घेताना तर मोटारीचे नाव उच्चारूच नये. त्याच्या कडेवर कोरलेला नंबर हाच त्याचा पत्ता. त्या नंबराचे कप आणि कोन ट्रॅक्टरसाठी आणलेले असोत की गिरणीसाठी, माप तेच. ऑइल सीलचा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी पाहिली की झाले. मात्र सहा व्होल्टच्या गाडीस बारा व्होल्टवाल्या गाडीची बारीक बॅटरी केबल लावू नये. तेवढेच काम करायला इथे दुप्पट प्रवाह लागतो, तो बारीक तारेत अडतो, स्टार्टर कण्हू लागतो, आणि ठपका बिचाऱ्या नव्या बॅटरीवर येतो.

डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. हे ठाऊक नसलेला मिस्त्री पान्यास लांब पाइप जोडून अंगाचा भार टाकतो, आणि मग तुटलेल्या बोल्टचे निराळे प्रकरण दाखल होते. मागला ड्रम निमुळत्या ॲक्सलवर असा रुतून बसतो की पुलरवाचून हलत नाही. ॲक्सलचा नट थोडा सैल करून तसाच ठेवावा, काढून टाकू नये. ड्रम सुटतो तो मोठा आवाज करून एकदम सुटतो, आणि समोर कोणाचे गुडघे आहेत याचा मुलाहिजा ठेवीत नाही. हे काम मामांनीच करावे. पुलरचा स्क्रू ताणून, कान देऊन क्षणभर थांबून, हातोडीच्या एका बेताच्या ठोक्यात ड्रम सोडवणारा दुसरा माणूस आम्ही पाहिलेला नाही.

तात्त्विक वाद निघाल्यास 1908 सालचा दाखला द्यावा. त्या वर्षी इंग्लंडात ब्रूकलँड्स येथे तीन कॅडिलॅक गाड्या पार खोलून त्यांचे भाग एकमेकांत मिसळले, 89 भाग बाजूला काढून त्यांच्या जागी साठ्यातले भाग घातले, त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या जोडल्या, आणि त्या 500 मैल धावल्या; या पराक्रमाबद्दल कंपनीस ड्यूअर ट्रॉफी मिळाली. मामांनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘पण तिन्ही कॅडिलॅकच होत्या ना?’’

शेवटचा नियम असा की, काढलेला जुना भाग टाकू नये. नमुना म्हणून बाजारात तोच उपयोगी पडतो. मामांनी तो इतक्या निष्ठेने पाळला आहे की स्वयंपाकघरातले लोणच्याच्या बरण्यांचे कपाट वॉटर पंप आणि कार्बोरेटर यांनी व्यापले असून, ते खाली करून मिळावे असा मामींचा अर्ज कैऱ्यांचे दिवस आले की दरवर्षी पुढे येतो. मामा तो वाचतात, ‘‘तजवीज करतो’’ म्हणतात, आणि एखादा पंप आणखी आत सरकवतात.