प्रकाशक : अनोळखी

नाना आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. डोंबिवलीतल्या २४ बिऱ्हाडांच्या ह्या इमारतीत ते तळमजल्यावर, मी तिसऱ्यावर. गेली २१ वर्षं आमच्याकडची पुरणपोळी खाली जाते आणि त्यांच्याकडचा गुळांबा वर येतो. मेंटेनन्सच्या पावत्या हातानं लिहून त्यांचा अंगठा दुखतो, म्हणून मी चार रविवार घालवून पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला. थकबाकीदारांची यादीसुद्धा आपोआप निघते, ह्याचा मला विशेष अभिमान. (माझेही दोन महिने राहिलेत, पण ते असो.)

"फुकट?" नानांनी विचारलं. संशयाला सुरुवात तिथूनच झाली.

मी लिंक पाठवली, त्यांनी फाइल उतरवून घेतली, टिचकी मारली. पडद्यावर निळी पाटी आली : तुमचा संगणक वाचवला आहे. प्रकाशक : अनोळखी.

"अरे, हा तुला ओळखत नाही म्हणतोय."

"नाना, 'अधिक माहिती'वर दाबा. मग 'तरीही चालवा' असं बटण दिसेल."

"तरीही म्हणजे? भेसळ आहे, तरीही?"

त्या पाटीचा हिशेब मिसळीच्या हॉटेलासारखा आहे. गर्दी असेल तिथेच लोक शिरतात. फाइल हजारोंनी उतरवून घेतली असेल तर पाटी गप्प बसते. नवी कोरी असेल तर आडवी येते. आमची गिऱ्हाइकं जास्तीत जास्त २४, त्यात दोन घरं कुलूपबंद. शिवाय मी शुद्धलेखनाची एक चूक सुधारली, की यंत्राच्या लेखी फाइल नवी आणि गर्दी पुन्हा शून्य. तेव्हापासून पावतीवर 'पाणीपट्टि' तशीच ऱ्हस्व राहिली आहे.

नानांनी धीर करून बटण दाबलं. तेवढ्यात त्यांचा अँटिव्हायरस जागा झाला आणि डोळ्यांदेखत फाइल गायब! खाली आरोप : ट्रोजन, प्रकार सर्वसाधारण. निदान विशेष तरी म्हणायचं!

दोष गाठोड्याचा होता. पायथनचा प्रोग्राम एका फाइलीत बांधून देणारी जी फुकटची साधनं आहेत, तीच व्हायरस लिहिणारेही वापरतात. त्यामुळे तसलं गाठोडं दिसलं, की काही अँटिव्हायरस आतल्या कपड्यांची घडी न मोडताच शिट्टी फुंकतात. आयकार नावाची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी फाइल असते. पहारेकरी जागा आहे ना, हे बघायला ती मुद्दाम पुढे करायची आणि त्यानं ठरल्याप्रमाणे बोंब मारायची. माझ्या पावत्यांवर काहीही न ठरवता बोंब झाली होती.

शेवटी मी सही विकत घ्यायचं ठरवलं. म्हणजे एका परदेशी कंपनीनं माझी कागदपत्रं तपासायची आणि हा माणूस खरोखर हाच आहे, असा दाखला द्यायचा. वर्षाची फी एवढी, की तेवढ्यात सोसायटीची पाण्याची टाकी तीनदा धुऊन झाली असती. हे नानांना कसं समजवावं ह्या विवंचनेत मी होतो. पण ते निवृत्त पोस्टमास्तर.

"म्हणजे लाखेचं सील," ते म्हणाले. "पाठवणारा कोण ते कळतं, आणि वाटेत कुणी उघडलं तर फुटतं. आत काय आहे ते पोस्ट बघत नाही. तारखेचा शिक्का मारतात का?"

मारतात. तो मारलेला असेल तर दाखल्याची मुदत संपल्यावरही जुनी सही चालते. मला हे समजायला तीन रात्री लागल्या होत्या.

सीलाची गोष्ट मात्र गमतीची आहे. २००१ साली असे दाखले देणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीनं मायक्रोसॉफ्टच्या नावाचे दोन दाखले भलत्याच माणसाला देऊन टाकले. २०१० साली उजेडात आलेला स्टक्सनेट हा घातक प्रोग्राम इराणमधल्या युरेनियमच्या यंत्रांवर सोडलेला. त्यावर तैवानच्या रिअलटेकची सही होती. सही खरी, सही करायची चावी चोरलेली. एवढा बदमाश, पण कागदपत्रं चोख! आणि मी विजेचं बिल दिलं तर त्यावर वडिलांचं नाव अर्धं का, म्हणून तीन ईमेल.

चावी आता नुसत्या फाइलीत ठेवता येत नाही. १ जून २०२३ पासून ती वेगळ्या सुरक्षित उपकरणातच ठेवावी लागते. माझी कुरिअरनं आली. वॉचमननं कुरिअरवाल्याकडे ओळखपत्र मागितलं, मग मला फोन करून विचारलं, "साहेब, तुमच्या ओळखीचा आहे का?"

सही केली. पुन्हा लिंक, पुन्हा टिचकी. अँटिव्हायरस घोरत पडला, पण निळी पाटी आलीच, कारण सही नवी आणि गर्दी अजूनही शून्य. फरक एवढाच, की 'अनोळखी' जाऊन तिथे पॅनकार्डावरचं माझं संपूर्ण नाव आलं होतं, वडिलांसकट.

नानांनी चष्मा वर केला, नाव सावकाश वाचलं, पुन्हा वाचलं.

"ओळखतो मी ह्याला," असं म्हणून त्यांनी माऊस बाजूला सारला आणि थकबाकीची वही उघडली.