रॅलेचे आटे

आजोबांची रॅले निजामाच्या राज्यात औरंगाबादला आली. 1948 साली ते राज्य गेलं, 2023 साली शहराचं नाव बदललं. सायकलीच्या बीबी, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या, एक्सलवर मात्र अजून रॅलेच्या नॉटिंगहॅमचाच अंमल आहे. तो एक्सल झिजून कडकड वाजू लागला, तेव्हा मी शेजारच्या काकांना घेऊन शहागंज गाठलं. काकांची हयात वाळूजच्या कारखान्यात मायक्रॉन मोजण्यात गेलेली. व्हर्निअर खिशातच असतो.

पहिल्या दुकानदाराने सीलबंद कार्ट्रिज पुढे केलं. "बसवा नि विसरा." विसरलो असतो, पण बसलं तर ना! त्याला इंचाला 24 आटे, जुन्या रॅलेला 26. पहिला फेरा गोडीत जातो, मग अडतं, आणि पान्याने रेटलं की फ्रेमचेच आटे जातात. शिवाय आमच्या फ्रेमची बीबीची नळी 71 मिलिमीटरची, कार्ट्रिज 68च्या नळीचं. त्याची टोकं चौकोनी, आणि आमचे क्रँक गोल एक्सलवर कॉटर पिनने अडकणारे. म्हणजे पत्रिकेतला एकही गुण जुळेना.

"नळीत बसणाऱ्या उजव्या कपाचे आटे उलटे असतात," काका भर दुकानात सांगू लागले. "छर्रे फिरतात तसा कप विरुद्ध दिशेला सरकू बघतो. सरळ आटे असते तर चालता चालता सुटला असता. इटालियन लोक दोन्हीकडे सरळच ठेवतात." आणि जन्मभर आवळत बसतात, हे मी मनात म्हटलं. गिऱ्हाईकं थांबून ऐकत होती. या शहरात पाणी आठवड्याने यायचं, सल्ला चोवीस तास.

पुढच्या गल्लीतल्या चाचांनी कपात नुसतं बोट फिरवलं. "साब, कपां अच्छे हैं. छेडो नक्को." मग खोक्यातून एकेक एक्सल काढून ते जुन्याशेजारी उभे करू लागले. लांबी तर जुळायला हवीच. पण छर्रे धावतात त्या दोन गोलायांमधलं अंतरही जुळायला हवं, नाहीतर डावा कप बाहेर लोंबतो किंवा आत बुडतो. अखेर एक जुळला. ग्रीस भरून पाव इंची छर्रे, एकेका बाजूला अकरा. व्हर्निअर लावून काकांनी मान डोलावली.

चाचा नमाजला गेले. तेवढ्यात उरलेली कॉटर पिन काकांनी स्वतः ठोकली. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट घालायच्या असतात. काकांनी ती पहिलीच्याच बाजूने घातली. एक पायडल बारावर, दुसरं सहाच्या बरंच अलीकडे.

काकांनी चष्मा वर केला, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "टॉलरन्समध्ये आहे."