तुपातले जंतू

मराठीत एम.ए. केलेल्याने विज्ञानावर लिहू नये असा कायदा अजून झालेला नाही, म्हणून माझं घर चालतं. परळला केईएम, टाटा आणि हाफकिन हाकेच्या अंतरावर. त्यामुळे मटेरियलचा तुटवडा नाही. पण चाळीने मला अर्धा डॉक्टर करून टाकलंय. रविवारी सकाळी पहिल्या मजल्यावरच्या काकू एक्स-रे घेऊन हजर. "पेपरात लिहिता ना, मग बघा की जरा!" मी तो उजेडाकडे धरून "हं" म्हणतो. माझ्या 'हं'ला चाळीत वजन आहे. मग "केईएमला दाखवून या" म्हणतो. हे निदान आजवर चुकलेलं नाही.

धंद्याचं म्हणाल, तर शास्त्रज्ञ माझी विशेषणं कापतात, संपादक आकडे कापतात. राहिलेली उभयान्वयी अव्यये माझ्या नावावर छापून येतात.

भांडवल एकच: बावळट प्रश्न विचारायची लाज नाही. वॉल्डेमार हाफकिनने प्लेगची लस १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली, हे सगळेच लिहितात. मी एका निवृत्त जंतुशास्त्रज्ञांना विचारलं, "त्या जंतूंना खायला काय घालत होते?"

म्हातारबुवा एकदम खुलले. बोकडाच्या मटणाचं पाणी! गाय आणि डुक्कर दोन्ही वर्ज्य, नाहीतर लस टोचून घेणार कोण? आणि त्यावर तुपाचे थेंब. थेंबांच्या खाली जंतू वटवाघळांसारखे लटकत वाढत. बाटली हलवली की तळाशी पडत, वर नवे धरत. असं काही आठवडे चालल्यावर सगळे तापवून मारायचे, वर कार्बोलिक अ‍ॅसिड. झाली लस. सुरुवात ग्रँट मेडिकल कॉलेजात झाली. १८९९मध्ये प्रयोगशाळा गव्हर्नरच्या परळच्या जुन्या बंगल्यात आली. जिथे लाटसाहेबांच्या मेजवान्या झडल्या, तिथे प्लेगच्या जंतूंची पंगत बसली. हे वाक्य संपादकांनी कापलं. शास्त्रज्ञांनीही कापलं असतं, पण त्यांचा नंबर आला नाही.

लेख छापून आल्यावर काकूंना वाचून दाखवला. प्रतिकारशक्ती, मृत जंतू, सगळं त्यांनी मान डोलावत ऐकलं. तुपापाशी मात्र हात वर केला.

"गाईचं की म्हशीचं?"

शास्त्रज्ञांना फोन लावला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "उद्या सांगतो. जुने अहवाल बघावे लागतील."